गोलपोस्टमागचा कॅमेरा

मित्रांनो, तुमच्याशी बोलणारा हा आवाज कपाटातल्या काळ्या पिशवीतून येतो आहे. मी एक कॅमेरा आहे. जाडजूड, वजनदार, आता जुना झालेला. माझ्या पोटात एक इवलासा आरसा आहे. समोरचं दृश्य भिंगातून आत येतं, आरशावर पडतं आणि तुमच्या डोळ्यापर्यंत पोहोचतं. बटण दाबलं की आरसा क्षणभर वर उडतो, 'खट्ट' असा आवाज होतो आणि तो क्षण माझ्याजवळ राहतो. मला तोंड नाही. तरीही एका संध्याकाळी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या भरल्या घोळक्यापुढे मला साक्ष द्यावी लागली. तीच हकिकत आज सांगतो.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यात झाला. माझा पहिला मालक कसबा बावड्याचा, लग्नांचे फोटो काढणारा. त्याच्याबरोबर मी हळदी पाहिल्या, अक्षता पाहिल्या, साखर कारखान्याच्या मोळीपूजनाचे हारतुरे पाहिले. तो मला बाळासारखं जपायचा. मग बिनआरशाचे नवे, हलके कॅमेरे आले. त्याने तसला एक घेतला आणि मला विकण्यासाठी प्रभुलिंगअण्णांच्या दुकानात ठेवून दिलं. काचेच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर मी बसलो. गिऱ्हाइकांचे फक्त पाय दिसायचे. वापराविना माझे सांधे आखडल्यासारखे झाले होते. आपल्याला आता कुणी नेणार नाही, असं मला वाटू लागलं.

एके दिवशी त्या फळीसमोर एक मुलगी गुडघ्यांवर बसली. तिचं नाव प्रियदर्शनी. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर फोटो काढायची. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींचेही फुटबॉल संघ असतात; तिचा धाकटा भाऊ विश्वजित पेठेच्या तालमीकडून हिरव्या जर्सीत खेळायचा. त्याचा एक तरी धड फोटो काढावा, ही तिची हौस. पण मोबाइलमध्ये चेंडू म्हणजे पांढरा फराटा आणि भाऊ म्हणजे हिरवा डाग. म्हणून तिला पहिला खरा कॅमेरा घ्यायचा होता. बरोबर तिचे वडील विजयसिंह होते. तरुणपणी तेही पेठेकडून खेळलेले, आवाज अजून मैदानावरचा.

अण्णांनी दोन कॅमेरे काउंटरवर ठेवले. एक कोरा करकरीत, खोक्यातून नुकताच निघालेला. दुसरा मी, मुठीपाशी रबर झिजलेला.

"नवं ते नवं," विजयसिंह म्हणाले. "दुसऱ्यानं वापरलेलं घरात कशाला आणायचं?"

प्रियदर्शनी पुढे झाली. तिने मला उचललं, मोबाइलच्या उजेडात माझं भिंग तपासलं, आत बुरशीचे धागे नाहीत ना ते पाहिलं. दुकानाच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग शोधले. मग ती मला घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली. रस्त्यावरून गाड्या सुसाट जात होत्या. तिने एका रिक्षावर नेम धरला आणि बटण दाबलं. कितीतरी दिवसांनी माझी भिंग जुळवणारी मोटर फिरली, पण अडखळली. रिक्षा निघून गेली आणि चित्र धूसर आलं. तिने मला डोळ्यापासून खाली घेतलं. संपलं, असं मला वाटलं. परत ती खालची फळी, परत ते पाय.

तिने नवा कॅमेरा उचलला. त्याच्यावरचं भिंग छोटं होतं, धावत्या गाड्या त्याच्याही हाती लागेनात. मग काय वाटलं कोण जाणे, तिने पुन्हा मला हातात घेतलं. समोरून एक गवळी मोटारसायकलवर किटल्या लटकावून येत होता. या वेळी मी चुकलो नाही. चित्रात त्याच्या किटलीच्या झाकणाची कडी हवेत उडालेली स्पष्ट दिसत होती.

प्रभुलिंगअण्णा वाकून बघत म्हणाले, "ताई, मेगापिक्सेलच्या आकड्यांच्या नादाला लागू नका. आपल्याला काय टिपायचं हाय ते आधी ठरवा. कॅमेरा मग आपसूक ठरतोय."

तिने माझ्या झिजलेल्या मुठीवरून अंगठा फिरवला. "आबा, मी ह्योच घेतो," ती वडिलांना म्हणाली; कोल्हापुरात पोरीही 'घेतो', 'हुतो' असंच बोलतात. आबा घरी पोहोचेपर्यंत कुरकुरत होते.

पहिले काही महिने आमचे दोघांचेही हाल झाले. कधी चित्र काळं, कधी पांढरंफटक. ती रंकाळ्यावर बगळे टिपायची, नृसिंहवाडीला जाऊन नावा टिपायची आणि घरी येऊन बहुतेक सगळं पुसून टाकायची. हळूहळू तिचं बोट आणि माझा आरसा एका तालात आले. विश्वजित हवेत उडी घेऊन चेंडूला डोकं लावतो आहे, असा एक फोटो आला आणि तालमीने तो मोठा करून भिंतीवर लावला. त्या दिवसापासून सामन्याच्या वेळी गोलपोस्टच्या मागे आमची जागा ठरलेली असायची. पेठेतली माणसं मला बघून म्हणायची, 'आला आपला कॅमेरा.' मित्रांनो, 'आपला' हा शब्द ऐकायला फार गोड असतो. पुढे तोच मला जड गेला.

तो उपांत्य सामना होता. समोर पलीकडच्या पेठेचा संघ, जांभळ्या जर्सीतला. दोन्हीकडे एकही गोल झाला नव्हता. गॅलरी दुभंगून ओरडत होती आणि पोलीस काठ्या आपटत कडेने फिरत होते. आपल्या संघाला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला आणि गोलसमोर सगळे एकदम उडाले. प्रियदर्शनीने बटण दाबून धरलं. खटखटखट करत माझा आरसा उडत राहिला.

सगळे खाली आले तेव्हा विश्वजित गवतावर पडला होता. दोन्ही हातांनी त्याने चेहरा झाकला होता आणि बोटांमधून रक्त गळत होतं. त्याच्या शेजारी जांभळ्या संघाचा बचावपटू यशराज उभा होता, हात अजून अर्धवट वर उचललेला.

"कोपर मारलं! मुद्दाम मारलं!" गॅलरीतून आरडाओरडा झाला. पंचांनी लाल कार्ड काढलं. यशराज दोन्ही हात जोडून काहीतरी सांगत होता, पण त्याच्यावर पाण्याच्या बाटल्या येऊन पडत होत्या. पोलिसांनी त्याला मधे घेऊन बाहेर काढलं. सामना कसाबसा संपला, आपला संघ एका गोलने जिंकला, पण त्या जिंकण्याला कुणी नाचलं नाही. आबा विश्वजितला घेऊन केव्हाच दवाखान्यात गेले होते.

प्रियदर्शनी स्टेडियमच्या कट्ट्यावर बसली. ती माझ्या मागच्या पडद्यावर एकेक चित्र पुढे सरकवू लागली. चेंडू आला. विश्वजितने उडी घेतली. यशराजचं कोपर वर आलं, पण विश्वजितच्या तोंडापासून हातभर लांब. पुढच्या चित्रात मागून आणखी एक जण उडालेला दिसत होता. हिरवी जर्सी. आणि त्याच्या पुढच्या चित्रात त्या हिरव्या जर्सीवाल्याचं कपाळ विश्वजितच्या भुवईवर नारळासारखं आदळलं होतं. यशराजचं कोपर तेव्हाही तिथेच होतं, मोकळ्या हवेत.

तो हिरव्या जर्सीवाला राजवीर होता. संघाचा कप्तान. विश्वजितला चेंडू मारायला शिकवलेला, त्यांच्या घरी हक्काने जेवायला येणारा.

तेवढ्यात आबांचा फोन आला. डोळा वाचला होता, भुवईला टाके पडत होते. विश्वजित शुद्धीवर होता आणि एकच सांगत होता, यशराजने कोपर मारलं. आबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. राजवीर पोरांना घेऊन तालमीपुढे जमला आहे, हातात काठ्या आहेत आणि ते यशराजच्या घराकडे निघणार आहेत. आबा दवाखान्यातून हलू शकत नव्हते.

फोन ठेवून ती पुन्हा माझ्याकडे बघू लागली. तिचा अंगठा पुसायच्या बटणावर आला. माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली : हे चित्र पुसायचं? मित्रांनो, ती अक्षरं माझीच होती, पण उत्तर माझ्या हातात नव्हतं. पुसलं असतं तर कुणाला कळलं नसतं. भाऊ खोटा ठरला नसता, पेठेचं नाक वर राहिलं असतं, राजवीर घरी येत राहिला असता. अंगठा त्या बटणावर टेकून राहिला. मग तिने मला बंद केलं, पट्टा गळ्यात अडकवला आणि गाडी तालमीकडे वळवली.

तालमीपुढे चाळीसेक पोरं तरी असतील. राजवीर पायरीवर उभा होता. त्याच्या कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. गर्दीत ते कुणाच्या डोळ्यांत भरलं नव्हतं; पडापडीत सगळ्यांनाच काही ना काही लागलं होतं.

"ताई, तू घरी जा," तो म्हणाला. "विशूच्या रक्ताचं आम्ही बघतो."

"निघायच्या आधी एवढं बघ," ती म्हणाली आणि मला पुढे केलं.

"फोटो काय बघायचा? सगळ्या कोल्हापूरनं बघितलंय."

"कोल्हापूरनं लांबनं बघितलंय. मी गोलमागं हुतो."

घोळका पुढे सरकला. पट्टा तिच्या गळ्यातच होता, त्यामुळे राजवीरला वाकावं लागलं. ती एकेक चित्र दाखवू लागली. त्याच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या एकाने सगळ्यात आधी ओळखलं आणि तो दबक्या आवाजात म्हणाला, "आरं, ह्यो तर..." पुढचं त्याने गिळलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "पूस ते. घरचा भाऊ दवाखान्यात हाय आणि ही परक्याची वकिली करतीया."

"वकिली न्हाय," प्रियदर्शनी म्हणाली. "मला काय आनंद हाय व्हय ह्यात? जे झालं ते दाखवतो. ज्यानं काय केलं न्हाय त्याला मारून आलासा, तर विशूचं रक्त थांबंल का?"

गर्दीतून एक हात आला आणि त्याने मला ओढलं. पट्टा ताणला गेला, तिच्या मानेला काचला आणि पट्ट्याची कडी तुटली. मी दगडी पायरीवर आदळलो. माझ्या अंगाचा एक कोपरा फुटला. भिंग फुटलं का, कार्ड गेलं का, मलाच कळेना. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. आता कुणी तरी तिच्यावर हात टाकणार, असं मला वाटलं.

राजवीर अजून वाकलेलाच होता. त्याचा हात सावकाश कपाळाकडे गेला आणि त्या टेंगळावर थांबला.

"कुणी हात लावू नका तिला," तो म्हणाला. "माझंच डोकं लागलंय. मला तवाच शंका आलती." मग त्याने हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. "मीच गप बसलो."

पोरं एकेक करून पांगली. राजवीर मात्र पायरीवर तसाच बसून राहिला. मग प्रियदर्शनीने त्याला गाडीवर मागे बसवलं आणि दोघं दवाखान्यात गेली.

माझा कोपरा फुटला होता, पण भिंग आणि कार्ड वाचलं होतं; विश्वजितने एका उघड्या डोळ्याने ती चित्रं पाहिली. राजवीर दारातच उभा होता.

"मला कोपरच वाटलं की, ताई," अखेर विश्वजित म्हणाला. "यशराजला बाटल्या मारल्या न्हवं लोकांनी?" त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, मग पुन्हा वळला. "राजूदादा, त्याला फोन लाव. आधी तू बोल. मग मला दे."

राजवीर बाहेर जाऊन बोलला. काय बोलला ते मी ऐकलं नाही. विश्वजितच्या हातात फोन आला तेव्हा पलीकडून यशराजच्या रडण्याचा आवाज मात्र साऱ्या खोलीत ऐकू आला.

पुढे स्पर्धेच्या आयोजकांनी चित्रं पाहिली आणि लाल कार्डामुळे यशराजवर आलेली बंदी उठली. पेठेत सगळ्यांना ते रुचलं नाही. काही घरांत आम्हाला बघून दार लोटलं जायचं. गोलमागे उभं राहिलं तर 'आपला कॅमेरा' असं कुणी म्हणायचं नाही. प्रियदर्शनीला त्याचं दुःख व्हायचं. कधी कधी मला पुसता पुसता तिचा हात थांबायचा. पण आबा आता प्रत्येक सामन्याला तिच्या शेजारी येऊन उभे राहत आणि माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेत. सावकाश बोलणं सुरू झालं, दारं उघडली. पुढच्या मोसमात त्याच मैदानावर यशराजने पडलेल्या विश्वजितला हात देऊन उठवलं. तो फोटो मीच काढला.

आता तिच्याकडे नवा कॅमेरा आहे. तो चांगला आहे, माझी तक्रार नाही. फक्त हे कपाट दमट आहे आणि पावसाळा लांब चालतो. माझ्या भिंगात बुरशीचा पहिला धागा धरल्यासारखा वाटतो. कधी कुणी पिशवी उघडून मला वारा दाखवला, मऊ फडक्याने पुसलं, एक-दोनदा आरसा उडवला, तर मी अजून बरीच वर्षं पाहू शकेन.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला कोरड्या जागी ठेवा, त्याची बॅटरी काढून ठेवा, त्याच्या भिंगाला बोटं लावू नका. आणि त्याने टिपलेलं काही तुम्हाला आवडलं नाही, तर पुसण्याआधी एकदा नीट बघा. आम्ही फक्त पाहतो. ठेवायचं की पुसायचं, हे तुमच्या अंगठ्याने ठरतं.