ओठाच्या कोपऱ्यापर्यंत

घड्याळजी बावन्न वर्षांचा होता आणि त्याचा हात कधी कापत नसे. मनगटी घड्याळातला केसाएवढा स्क्रू तो चिमट्यानं उचलून जागेवर बसवायचा, तेही गिऱ्हाइकाशी गप्पा मारत. दर रविवारी सकाळी तो गावाबाहेरच्या मैदानावर आपलं लाकडी धनुष्य घेऊन जाई. त्याला ना दुर्बीण होती ना कसली यंत्रं. दोरी ओढायची, तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि सोडायचं. वीस वर्षं तो हे करत आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणभर थांबण्यासाठीच तो जायचा.

त्या उन्हाळ्यात काहीतरी बिनसलं. तर्जनी ओठापर्यंत पोचायच्या आतच बोटं सुटू लागली. आधी महिन्यातून एखाद्या वेळी, मग दर दोन-चार बाणांमागे. निशाणाचा पिवळा ठिपका नजरेत आला रे आला की बोटं आपली आपण उघडायची. एकदा तर बाण दहा पावलांवर मातीत रुतला. तिथल्या धनुर्विद्या मंडळाचे सचिव म्हणाले, "गांडुळं मारतोयस का रे?" सगळे हसले. तोही हसला. घरी आल्यावर त्यानं धनुष्य कपाटावर टाकलं आणि जो विचारेल त्याला खांदा दुखतोय म्हणून सांगायला लागला.

त्याची धाकटी बहीण त्याच गल्लीत बेकरी चालवायची. वय सेहेचाळीस, पण तो तिला अजून बबडीच म्हणायचा. एका दुपारी तो पाव आणायला गेला, तर ती मैद्याचं पोतं ओढत होती. त्यानं सवयीनं पोतं उचललं, उजव्या खांद्यावर घेतलं आणि कोठीत नेऊन ठेवलं.

"दादा," ती म्हणाली, "खांदा दुखतोय ना तुझा?"

तो पीठ झटकत बसला.

"क... कोणता दुखतोय, तो तरी सांग," ती म्हणाली.

मग त्यानं सगळं सांगितलं. सांगताना कान लाल झाले होते. "हात माझाच आहे गं, पण ऐकतच नाही. सोडायचं मी ठरवतच नाही. ते होऊन जातं. आणि झालं की काय वाटतं सांगू? सुटलो एकदाचा, असं वाटतं. त्याचीच लाज वाटते."

लहानपणापासून बबडी अडखळत बोलायची. आता खूपच कमी झालं होतं, पण गेलं नव्हतं. "मला माहीत आहे ते," ती म्हणाली. "शब्द अडला की मला शब्दाची भीती नसायची. कधी एकदा संपतंय, ही घाई असायची. मग मी भलताच शब्द म्हणून मोकळी व्हायचे. वही मागायला जायचे आणि पेन्सिल घेऊन यायचे. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, शब्द तोंडापर्यंत आण आणि म्हणूच नकोस. परत ने. म्हणायचा की नाही, ते तू ठरव."

"आणि?"

"आणि काय? धनुष्य घेऊन ये उद्या. भट्टी दोनला बंद होते."

दुसऱ्या दिवशी बेकरीमागच्या अंगणात भिंतीला टेकवून त्यांनी गवताच्या पेंढ्यांची जाड गादी उभी केली. तिच्यावर ना कागद, ना ठिपका. घड्याळजी तिच्यापासून तीन पावलांवर उभा राहिला. रिकाम्या दोरीचा झटका बसला तर लाकूड फुटतं, म्हणून बाण लावलेलाच होता. बबडी उलट्या खोक्यावर बसली. नियम तिनेच घातला: डोळे मिटायचे, ओढायचं, आणि ती "सोड" म्हणाली तरच सोडायचं. "नको" म्हणाली तर दोरी हळूच परत आणायची.

पहिल्या दिवशी बहुतेक बाण तिनं तोंड उघडायच्या आतच गवतात घुसले. तीन पावलांवर, डोळे मिटून, निशाण नसतानासुद्धा! चौथ्या दिवशी तो चिडला. "हे काही तुझ्या बोलण्यासारखं नाहीये, बबडे. उगाच खेळ लावलाय."

ती खोक्यावरून उठून आत गेली. तो अंगणात एकटाच उभा राहिला आणि आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. आत ती परात घासत होती. तो दारात जाऊन थांबला.

"चुकलो."

"हं."

"पुन्हा ये ना बाहेर."

"ही प... परात होऊ दे."

परात होईपर्यंत तो दाराशीच उभा राहिला. मग दोघं बाहेर आली. त्यानं डोळे मिटले, दोरी ओढली, बोट ओठाला लागलं. बोटांत ती ओळखीची वळवळ सुरू झाली. आता जाणार, असं वाटलं, तेवढ्यात कानावर आलं, "स..."

आणि पुढे काहीच नाही. "स... स..." शब्द अडला होता.

लहानपणी दुकानात ती अशी अडली की दुकानदार, शेजारी, आईसुद्धा तिचा शब्द पुरा करून टाकायचे. तो कधीच करायचा नाही. खिशात हात घालून नुसता उभा राहायचा, जणू जगात दुसरं कामच नाही. आताही तो तसाच उभा राहिला. दोरी ताणलेली होती, पाठ भरून आली होती, पण तिचा शब्द तोडायचा हे काही त्याच्या हाताला जमलं नाही. एक श्वास गेला, दुसरा गेला.

"...सोड."

बाण गेला. त्यानं डोळे उघडले. बबडी रडवेली झाली होती.

"मुद्दाम केलंस?" त्यानं विचारलं.

"नाही रे. खरंच अडला. सॉरी."

"सॉरी कसलं," तो म्हणाला. धनुष्य खाली ठेवून तो तिच्या शेजारी खोक्यावर बसला. खोकं दोघांच्या वजनानं करकरलं.

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. पण त्याच्या हाताला आता थांबणं म्हणजे काय ते आठवलं होतं. पंधरा दिवसांनी त्यानं डोळे उघडे ठेवले. मग गादीवर कोरा कागद आला, आणि महिन्याभरानं ठिपका. दर वेळी गादीपासून आणखी मागे सरकलं की जुनी घाई परत यायची, आणि दर वेळी तो दोरी परत आणायला शिकायचा. "न सोडलेला बाण मोजायचा," बबडी म्हणायची.

थंडीच्या सुरुवातीला मैदानावर मंडळाची स्पर्धा झाली; बबडीही बघायला आली होती. पहिल्याच बाणाला बोटं वळवळली. त्यानं दोरी परत आणली. लोक बघत होते. पुन्हा ओढली, पुन्हा परत आणली. "वेळ संपतोय," सचिव हळूच म्हणाले. तिसऱ्यांदा बोट ओठाला टेकलं आणि तिथेच राहिलं. मग त्यानं सोडलं. बाण पिवळ्या ठिपक्यापासून बराच दूर, निळ्या वर्तुळाच्या कडेला लागला.

चौदा जणांत तो अकरावा आला. दोन बाण तरीही आधीच सुटले होते, आणि ते त्यानं बबडीला आपणहून सांगितलं.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, "मला एकदा ओढू दे."

त्यानं धनुष्य तिच्या हातात दिलं, तिची कोपरं सरळ केली आणि बाजूला झाला. पीठ मळून मळून तिचे दंड दगडासारखे झाले होते. तिनं दोरी एका दमात ओढली. बाण निशाणावरून कुठल्या कुठे उडाला आणि मागच्या मोकळ्या गवतात दिसेनासा झाला.

"मला नाही जमायचं," ती हसत म्हणाली.

"शोधू मग," तो म्हणाला, आणि दोघं गवतात शिरली.