संपातली मुलाखत

मुलाखतीचं नुसतं नाव काढलं तरी भिकन अहिरेला मळमळायचं. आयटीआयमधून फिटर होऊन त्याला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत एकदाही कुठून बोलावणं आलं नव्हतं, तरी भीती मात्र रोजची होती. अनोळखी माणसापुढे उभं राहिलं की तळहातांना घाम फुटायचा आणि स्वतःचं नावही धड सांगता यायचं नाही. त्याची आई सरुबाई विड्या वळून घर चालवायची. तिनंच शेजारच्या सावळीरामला सांगितलं, याला जरा बोलायला शिकव.

सावळीराम सातपूरच्या एका कारखान्यात बारा वर्षं लेथवर होता. त्यानं भिकनला तिथंच अर्ज करायला लावला आणि तयारी आपल्या अंगावर घेतली. पहिली पाळी करून आला की तो खाटेवर साहेबासारखा बसायचा आणि भिकनला समोर उभं करायचा. नाव, शिक्षण, मायक्रोमीटर कसा वाचायचा, कानस किती प्रकारची असते, असं एकामागून एक विचारत जायचा. भिकनची नजर खाली गेली की नडगीवर लाकडी पट्टी बसायची. सावळीरामची बायको सुमनबाई आतून म्हणायची, पोराला मारू नका हो. त्यावर सावळीरामचं ठरलेलं उत्तर असे की साहेब लोक याहून जास्त मारतात, फक्त तोंडानं मारतात.

दिवाळीपर्यंत भिकनच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या, पण तो मान वर करून बोलायला लागला. एका संध्याकाळी त्यानं सगळ्या प्रश्नांची उत्तरं न अडखळता दिली. सावळीरामनं पट्टी खाटेखाली टाकली आणि सुमनबाईला त्याला जेवायला वाढायला सांगितलं.

जानेवारीत कारखान्यात एका हेल्परचा पंजा प्रेसखाली चिरडला. चूक त्याचीच, असं कंपनीनं लिहून टाकलं. कामगारांनी सुपरवायझरला कॉलर धरून बाहेर ओढलं, तेव्हा गेटवरचे पहारेकरी लाठ्या घेऊन तुटून पडले. सावळीरामचं डोकं फुटलं, सहा टाके पडले. त्याच दिवशी संप सुरू झाला.

टाके निघाले, पण सावळीराम पहिल्यासारखा राहिला नाही. तो गेटवर बसून असायचा आणि घरी आला की कुणाशी बोलायचा नाही. एकदा मुलानं फी मागितली म्हणून त्यानं भरलं ताट भिंतीवर भिरकावलं. भिकनला समोर उभं करणं तर कधीच बंद झालं होतं.

संपाच्या पाचव्या आठवड्यात भिकनला पत्र आलं. त्याच कारखान्याचं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता मुलाखत. संपवाल्यांच्या जागी कंपनी नवी भरती करत होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भिकन पत्र घेऊन सावळीरामकडे गेला, कारण दुसऱ्या कुणाकडे जायचं ते त्याला सुचलं नाही.

सावळीरामनं पत्र वाचून घडी घालून परत दिलं.

"जाऊ नको," तो म्हणाला. "गेटवर मी उभा हाय. तू आलास तर मी तुला वळखणार नाय."

भिकननं पत्र खिशात घातलं. घरी आल्यावर त्यानं आईला विचारलं. सरुबाईनं हातातली विडी पुरी वळली, दोरा बांधला आणि म्हणाली, "दोन वर्षांनी आलंय. जा."

शुक्रवारी कंपनीनं सात उमेदवारांना त्र्यंबक नाक्यावरून टेम्पोत घेतलं. भिकन मनातल्या मनात उत्तरं घोकत होता. गेट दिसायला लागलं तोच पहिला दगड पुढच्या काचेतून आत आला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, तसे मागच्या हौद्यातही दगड पडायला लागले. शेजारचा पोरगा दोन्ही हातांनी डोळा धरून ओरडायला लागला, त्याच्या बोटांमधून रक्त येत होतं. कुणीतरी मागची फळी उघडली आणि एकेकाला पाय धरून खाली ओढलं. भिकन पाठीवर पडला. पोटात, बरगड्यांत लाथा बसत होत्या. कुणीतरी त्याचा शर्ट गळ्यापासून फाडला.

तो गुडघ्यांवर उठला तेव्हा समोर सावळीराम होता. हातात लोखंडी पाइप. दोघांची नजर भेटली. भिकनला वाटलं, आता हा सगळ्यांना थांबवील. सावळीरामनं पाइप उचलला आणि पूर्ण ताकदीनं हाणला. भिकननं डोक्यावर उजवा हात धरला होता म्हणून डोकं वाचलं. दोन बोटं मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. दुसरा घाव खांद्यावर बसला. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली, पळापळ झाली आणि भिकन रांगतच गेटच्या आत गेला.

पहारेकऱ्यानं त्याच्या तोंडावर पाणी मारलं. साहेबांनी आत बोलावलंय, असं सांगून त्याला तसंच फाटक्या शर्टात वर नेलं.

टेबलामागे तिघं होते. मधल्या जाड भिंगाच्या चष्मेवाल्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. पहिल्यांदा नाव विचारलं, ते भिकननं सांगितलं. मग शिक्षण. मग मायक्रोमीटर. इथं त्याची जीभ अडकली. कानशीचे प्रकार विचारले तर एकही आठवेना. हात मांडीवर धरून तो घामानं भिजत होता. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, एकानं फाइल मिटायला घेतली. आता उठवणार, हे भिकनला दिसलं.

चष्मेवाला पुढे झुकला. "हात कुणी मोडला तुझा?"

त्या दिवशीच्या सगळ्या प्रश्नांत भिकनला येणारा हा एकच प्रश्न होता. मान वर करून त्यानं खणखणीत उत्तर दिलं. "सावळीराम गांगुर्डे. लेथवर असतात. आमच्याच चाळीत राहतात, चार नंबर."

साहेबानं ते लिहून घेतलं आणि मान हलवली. बरोबर उत्तर दिल्यासारखं भिकनला क्षणभर बरं वाटलं. जिना उतरताना आपण काय केलं ते त्याला कळलं आणि तो कठड्याला धरून ओकला.

भिकननं नाव दिलंय असं सांगून पोलिसांनी सावळीरामला संध्याकाळीच घरातून नेलं. चाळीच्या चौकात, त्याच्या मुलांसमोर, त्याला पालथा पाडून मारलं. भिकन हाताला प्लास्टर घालून घरी आला तेव्हा चौकात सावळीरामची एकच चप्पल पडलेली होती. सुमनबाई दारात उभी होती. ती आली, तिनं ती चप्पल उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. मग मारतच राहिली, गालांवर, कपाळावर, मानेवर. ती रडत नव्हती. भिकननं हात वर केला नाही. सरुबाई ओट्यावरून बघत होती. तीही मधे पडली नाही.

प्लास्टर निघाल्यावर भिकन त्याच कारखान्यात कामाला लागला. खिडक्यांना जाळी लावलेल्या बसमधून जायचा, बाहेरून शिव्या आणि दगड येत. उन्हाळ्यात संप मोडला. बाकीचे हळूहळू परत घेतले, सावळीरामला घेतलं नाही.

कोठडीतून सुटला तेव्हा सावळीरामच्या तळपायांना सूज होती, ती पुढं कमी झाली पण चाल बदलली. त्याचा मेहुणा लासलगावच्या मार्केट यार्डात होता, त्यानं तिकडं काम बघितलं. जूनमध्ये चार नंबरचं सामान ट्रकवर चढायला लागलं. भिकन दुसऱ्या पाळीला निघाला होता. सावळीराम आणि ड्रायव्हर दोघांना लोखंडी कपाट उचलेना. भिकन डबा खाली ठेवून पुढे झाला आणि त्यानं कपाटाची खालची बाजू धरली. सुमनबाईनं त्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

"धरू दे त्याला," सावळीराम म्हणाला. "मला जोर नाय राहिला."

तिघांनी कपाट वर चढवलं. भिकनला खूप काही बोलायचं होतं, पण सावळीराम दोर बांधत होता आणि त्यानं शेवटपर्यंत मागं वळून पाहिलं नाही. ट्रक गेला. भिकन बसच्या रांगेत जाऊन उभा राहिला.