कपाटातला नायक

कपाटात बसून प्रेमाचे संवाद म्हणायचे, तर आधी मांडीवर घसरलेली रजई वर ढकलावी लागते, मग नवऱ्याच्या कोटाची बाही तोंडावरून बाजूला करावी लागते, आणि मग कुठे नायक नायिकेला म्हणू शकतो, "तुझ्या या मौनात मला सागराची गाज ऐकू येते." तिला त्या क्षणी ऐकू येत होती ती वॉशिंग मशीनची घरघर. तिने वाक्य अर्ध्यावर सोडलं, टाळी वाजवली आणि मशीन थांबेपर्यंत कोटाच्या खिशात काय काय आहे ते बघत बसली.

टाळीचं असं होतं, की ती पुस्तकं वाचायचं काम करायची. लोक भांडी घासताना, गाडी चालवताना, व्यायामाच्या पट्ट्यावर धापा टाकताना कानात घालून ऐकतात ती पुस्तकं. वाचताना चूक झाली की जोरात टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं, ही या धंद्यातली पद्धत. पुढे आवाजाची कापाकापी करणाऱ्याला पडद्यावर ती टाळी उंच काट्यासारखी दिसते. तो काटा पाहतो, त्याच्या मागचं वाक्य कापतो आणि पुढे जातो. तिच्या प्रकाशनातल्या कापाकापीवाल्याला ती मनातल्या मनात कातरवाला म्हणायची. तो तिला ताई म्हणायचा, आणि सगळी कामं शेवटच्या तासाला करायचा.

पूर्वी ती हे काम स्टुडिओत करायची, काचेच्या खोलीत, पाण्याची बाटली शेजारी ठेवून, राणीसारखी. मग ठमी झाली. "तीन-चार महिन्यांत येतेच," असं सांगून ती घरी आली. ठमीला दात आले, ठमी रांगायला लागली, ठमीने रिमोटची बटणं खाल्ली, तरी ती स्टुडिओत परतली नाही. दरम्यान प्रकाशनाला दुसरी वाचणारी मिळाली. मधाळ आवाजाची, वेळेवर येणारी आणि मुख्य म्हणजे रात्रभर झोपणारी.

अशात एके दिवशी प्रकाशनाच्या बाईंचा फोन आला. "जुन्या गोड प्रेमकथांची मालिका काढतोय. पहिल्या पुस्तकातलं एक प्रकरण तुम्हा दोघींकडून वाचून घेणार. जिचं पसंत पडेल तिला अख्खी मालिका. आणि स्पष्टच सांगते, या वेळी नाही जमलं तर पुन्हा विचारणं मला अवघड जाईल."

बाईंनी पुस्तकाचं नाव सांगितलं आणि ती किंचाळली. "अहो बाई, ती तर मला तोंडपाठ आहे!"

फुशारकी मारायला काय लागतं? पण खोटं नव्हतं ते. सोळाव्या वर्षी तिने त्या कादंबरीची इतकी पारायणं केली होती, की पुस्तक उघडलं की आपोआप निरोपाच्या प्रकरणावरच उघडायचं. नदीवर पूल बांधायला आलेला तरुण इंजिनिअर आणि शाळामास्तरांची मुलगी. तिचा रुमाल पडतो, तो उचलतो आणि पुढे अनेक प्रकरणं छातीशी बाळगतो. तेव्हा हिनेही बसस्टॉपवर रुमाल पाडून पाहिले होते. रुमाल गेले. एकही परत आला नाही. आईने मात्र धुण्याच्या वेळी बरोबर हजेरी घेतली होती.

आता तीच कादंबरी पुन्हा हातात आली आणि तिला धक्काच बसला. हीच का ती? नायकाचा 'विशाल भालप्रदेश' दर दुसऱ्या पानावर चमकत होता. त्याला साधं पाणी मागता येत नव्हतं. 'माझ्या तृषार्त जीवाला' वगैरे करूनच तो माठाकडे जायचा. तीन पानं तो नुसता उसासे टाकत होता. हिला वाटलं, याला दमा तर नाही? याच्यासाठी आपण उशा भिजवल्या? आणि लग्नाचं बघताना, "एकदा तरी काही छान बोल की," म्हणून बिचाऱ्या नवऱ्याच्या मागे लागलो तेही याच्याच जिवावर! नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो खूप विचार करून म्हणाला होता, "मला तू चालशील." आणि घाईघाईने, "म्हणजे, पळशीलसुद्धा."

तर, दुपारची वेळ. ठमीला कपाटाच्या उघड्या दाराशी सतरंजीवर बसवलेलं, कारण दार लावलं की ती भोंगा पसरायची. सासूबाई पलीकडच्या खोलीत. हिच्या कानावर हेडफोन, पुढे माइक, मागे आवाज घुमू नये म्हणून घरातल्या सगळ्या रजया. नायिकेची वाक्यं ठीक जात होती. नायक आला की हिला हसू फुटे. हसली की टाळी. पुन्हा वाक्य. पुन्हा हसू.

मग तिने युक्ती काढली. नायकासाठी पोटातून आवाज काढायचा, खर्जातला, भारदस्त, म्हणजे हसायला जागाच उरणार नाही. खरं तर तो आवाज सर्कशीतल्या अस्वलाने प्रेमात पडावं तसा होता, पण तिला तेव्हा तो फार रुबाबदार वाटला.

आणि ठमीलाही. अस्वल बोलायला लागताच ठमीचे डोळे मोठे झाले आणि तिने फटाफट टाळ्या वाजवल्या. नायक बोलला की टाळ्या. नायिका बोलली की ठमी गप्प, सतरंजीचा धागा ओढण्यात दंग.

आता कुणीही शहाण्या बाईने इथे थांबायला हवं होतं. वर्षानुवर्षं टाळीवर काम केलेल्या बाईने तर नक्कीच. पण हिच्या मनात काय यावं? दाद! बरेच महिने हिला कुणी दाद दिली नव्हती. जी मिळाली होती ती सगळी वरणभाताच्या घासांना. "बघ, कलेची जाण आहे पोरीला," असं स्वतःशीच म्हणत तिने प्रकरण संपवलं, न ऐकता कातरवाल्याकडे पाठवून दिलं आणि त्या आनंदात ठमीचे दोन पापे घेतले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याचा निरोप आला. 'ताई, कापलंय. चुका फार होत्या तुमच्या, पण मी सगळ्या काढल्यात. बाई संध्याकाळी ऐकणार आहेत. एकदा कानाखालून घाला.'

ती ठमीला मांडीवर घेऊन पलंगावर बसली. सासूबाई तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होत्या. तिने फोनवर प्रकरण लावलं.

नदीचं वर्णन झालं. संध्याकाळ झाली. नायिका म्हणाली, "उद्या पूल पुरा होईल. मग तुम्ही जाल."

नदी वाहत होती.

नायिका म्हणाली, "मला विसराल?"

पलीकडच्या झाडावर एक पक्षी ओरडला.

हिने कान टवकारले. नायक कुठे गेला? तिने मागे जाऊन पुन्हा ऐकलं. नदी, पक्षी, नायिका. नायक नाहीच. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ठमीच्या टाळ्या! त्याने पडद्यावर काटे पाहिले आणि ऐकण्याच्या भानगडीत न पडता प्रत्येक काट्यामागचं वाक्य कापून टाकलं. ठमीला जे जे आवडलं होतं, ते ते सगळं गेलं होतं.

तिला आधी हसूच आलं. विशाल भालप्रदेश गेला, तृषार्त जीव गेला. सोन्यासारखं पुस्तक झालं की! पण सासूबाईंच्या हातातली घडी थांबली होती.

"काय गं," त्या म्हणाल्या, "हा बोलत का नाही?"

"कापला गेलाय तो, आई. चुकून."

सासूबाईंना ते ऐकूच आलं नाही. फोनमधली नायिका म्हणत होती, "मग थांबत का नाही तुम्ही?" आणि नदी आपली वाहत होती.

"काय मेला दगड आहे!" सासूबाई उसळल्या. "पोर एवढी जीव तोडून विचारतेय, आणि हा तोंडात मिठाची गुळणी धरून उभा! बोल की रे! अस्से असतात एकेक. तुझे सासरे असेच. मी माहेरी निघाले की म्हणायचे, 'छत्री घे.' उन्हाळ्यातसुद्धा छत्री घे!"

"अहो आई, तो बोलतो. पुस्तकात बोलतो."

"काय बोलतो?"

हिने तोंड उघडलं. पुस्तक कपाटातच राहिलं होतं. पण सोळाव्या वर्षीचं पाठांतर कुठे जात नाही. पाढे विसरतात, हे विसरत नाही. तिने प्रकरण जरा मागे घेतलं. नायिकेने पुन्हा विचारलं, "मला विसराल?" आणि हिच्या तोंडून आपोआप आलं, "विसरायला आठवण वेगळी काढून ठेवावी लागते. तू तर माझ्या श्वासात मिसळून गेली आहेस."

मांडीवर ठमी पेंगुळली होती, त्यामुळे अस्वल बाहेर काढता येईना. वाक्य साध्या, हळू आवाजात निघालं. हसू आलं नाही. हसली असती तर ठमी हलली असती, आणि निजायला आलेलं मूल हलवण्याइतका विनोद जगात कशातच नसतो.

सासूबाई घडी मांडीवर ठेवून म्हणाल्या, "पुढे?"

नायिका म्हणाली, "मग थांबत का नाही तुम्ही?"

"तू थांब म्हणालीस, तर थांबेन," ही म्हणाली. "पण तू म्हणायला हवंस."

सासूबाईंनी उशीचा अभ्रा उगाचच पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. मग म्हणाल्या, "असं म्हणतो होय तो?"

"हो."

"परत म्हण."

तिने परत म्हटलं. आणि मघाशी आपण या माणसाला दमेकरी म्हटलं, याची तिला लाज वाटली. तो बिचारा फार बोलत होता, अलंकार घालून बोलत होता, पण विचारल्यावर उत्तर देत होता. सोळा वर्षांची ती पोरगी अगदीच काही येडी नव्हती. रुमालांचं सोडलं तर.

मग एकदम ती भानावर आली. संध्याकाळी बाई ऐकणार. असंच ऐकलं तर म्हणतील, हिने नायक गाळून कादंबरी वाचली. वर्षभर घरी बसून डोकं फिरलं हिचं. मालिका गेली, काचेची खोली गेली. तिने कातरवाल्याला फोन लावला.

"अरे, तू नायकच कापलास!"

"ताई, टाळ्या होत्या."

"त्या माझ्या मुलीच्या होत्या!"

"ताई, तुमच्या मुलीला सांगा, हे फार मोठं ऑपरेशन झालंय. जुनी वाक्यं परत आणीन, पण प्रत्येकात मधोमध टाळी आहे. वापरता येणार नाहीत."

"नकोच ती. अस्वल होतं ते. मी नवीन पाठवते. फक्त नायकाची वाक्यं. तू जागेवर बसव. आणि या वेळी कानांनी ऐक रे बाबा!"

ठमीला खाली ठेवायची सोय नव्हती. पाठ टेकली की ती डोळे उघडायची, हा तिचा नियम. म्हणून ती खांद्यावर ठमीला तशीच घेऊन कपाटात शिरली. सासूबाई दाराची बेल बंद करून, दिंडीदरवाजावरच्या पहारेकऱ्यासारख्या बाहेर खुर्ची टाकून बसल्या. कोट, रजया, माइक. ठमीचा श्वास मानेवर ऊन-ऊन लागत होता. पुस्तक धरायला हात मोकळा नव्हता, पण पुस्तकाची गरजही नव्हती.

नायक बोलायला लागला. सागराची गाज त्याने अशी सांगितली, जशी कुणाला तरी शेजारी निजलेलं ठेवून सांगावी. भालप्रदेश चमकत राहिला तर राहिला. 'श्वासात मिसळून' म्हणताना तिला श्वास वेगळा आणावा लागला नाही, खांद्यावर होताच. शेवटचं वाक्य झालं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. ती स्वतःवरच चिडली. एवढी मोठी बाई, आणि पुन्हा त्याच पानावर! नाक पुसायला जवळ होती ती फक्त कोटाची बाही. तिने ती वापरली. नवऱ्याला सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी बाईंचा फोन आला, तेव्हा ती ठमीच्या तोंडात घास कोंबत होती.

"तुमचा नायक फार हळू बोलतो," बाई म्हणाल्या.

तिचा घास ठमीच्या तोंडाऐवजी गालावर गेला. "हो बाई. जरा परिस्थिती तशी होती."

"मला आधी वाटलं, हा प्रेमात पडलाय की कुणाला थोपटतोय? दुसरीचा नायक रुबाबदार आहे. पण तो सगळ्या सभागृहाशी बोलतो हो. तुमचा एकीशीच बोलतो. मी माझ्या टेबलाशी बसून पुढे वाकून ऐकत होते, शिपाई बघून गेला." मग म्हणाल्या, "मालिका तुमची. घरूनच करा, जसं जमेल तसं. आता सुरुवातीपासून घ्या."

फोन ठेवून तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलंच होतं. हातातलं भांडं कोरडं होऊनही त्या ते पुसत होत्या.

"मिळालं ना? मग तोंड का असं?"

"अहो आई, सुरुवात म्हणजे पहिलंच पान. वादळाची रात्र आहे आणि हा नदीच्या पल्याडून नावाड्याला हाका मारतोय. चांगल्या दीड पानभर. आणि ही अशी खांद्यावर..."

सासूबाईंनी ठमीला उचलून कडेवर घेतलं, तिच्या गालावरचं वरण पदराने पुसलं. "मार हाका. मी हिला खाली फिरवून आणते. पण एवढं लक्षात ठेव, ती मुलगी गोष्टीत आली की थांबायचं. मी वर आल्याशिवाय त्यांची भेट घालायची नाही."