गोधडीच्या वाटची भाकरी

सुरतेत नवागामच्या खाडीला तेव्हा रोज वेगळा रंग असे, आज लाल तर उद्या हिरवा. काठाला चिंध्यांचे हे ढीग! मिलवाले कापडाच्या कापलेल्या कडा तिथंच आणून ओतायचे. लोक नाकं मुरडत, पण अमळनेरकडून आलेली भागीरथी म्हणायची, "अगं, ही लक्ष्मी लोळतेय नुसती!" ते दिवस आठवले की तिला अजून हसू येतं, आणि मग गलबलूनही येतं.

प्लेग होऊन दोन वर्षं झाली होती. साफसफाईच्या धडाक्यात पालिकेनं नवा नियम काढला: चिंधी खाडीत टाकायची नाही, मिलनं ती वस्तीतल्या बायकांना द्यायची, बायकांनी शिवलेल्या गोधड्या पालिका बालवाड्यांसाठी घेणार. आधी एक नमुना मात्र पसंत पडायला हवा. नाही पडला तर काम दुसऱ्या वस्तीला. सोळा बायका भागीरथीच्या तोंडाकडे बघत होत्या. शेजारच्या उषाबाईच्या नवऱ्याचं लूमवरचं काम सुटलेलं, तिच्या घरी तर एकवेळच चूल पेटत होती.

भागीरथीनं जीव ओतून नमुना शिवला. शिवताना माहेरची ओसरी डोळ्यापुढं उभी राहिली. चार घरच्या बाया, गप्पा, खिदळणं, आणि शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवणारी आई. "भुकी गोधडी ऊब देत नही, माय," ती म्हणायची. भागीरथीच्या हातानंही आपसूक तेच केलं. तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

तीन आठवड्यांनी पालिकेतून बोलावणं आलं. ती उषाबाईला घेऊन गेली. टेबलावर गोधडी होती, आणि तिचा एक कोपरा कुरतडलेला.

"आ जुओ, बेन! हे बघा!" नाकाला रुमाल लावून पालिकेची साहेबीण म्हणाली. "उंदीर! या गावात उंदरांना जेवायला घालता?"

"अगं बया!" उषाबाईच्या तोंडून निघालं.

भागीरथीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं अडखळत आईची रीत सांगितली. साहेबिणीनं रुमाल खाली केला.

"वात साची, बेन, खरंय तुमचं," ती हळू आवाजात म्हणाली. "पण यावर लहान लेकरं निजणार. आत अन्नाचा कणही चालणार नाही. कबूल असेल तर काम तुमचं."

बाई चुकीचं बोलत नव्हती. प्लेगात घराला कुलूप घालून, पोरं काखेत मारून भागीरथी स्टेशनाकडं पळाली होती, ते ती कशी विसरेल? पण रीत मोडायची म्हणजे आईचाच हात झिडकारायचा, असं तिला वाटलं. तिनं उषाबाईकडं पाहिलं. ती बिचारी पदर चावत उभी होती.

"कबूल," भागीरथी म्हणाली. साहेबिणीसमोरच तिनं कोपरा उसवला आणि उरलासुरला तुकडा काढून टाकला.

चौथ्या दिवशी चिंध्यांची पोती आली. सोळा जणी भागीरथीच्या अंगणात फतकल मारून बसल्या. दुपार कलली तेव्हा पहिली गोधडी शेवटच्या कोपऱ्यावर आली, आणि भागीरथीचा हात टोपलीतल्या भाकरीकडं गेलाच. तिनं तुकडा मोडला. सगळ्यांच्या सुया थांबल्या.

मग तिनं तो तुकडा उषाबाईच्या तोंडात घातला.

"खा गं," ती म्हणाली, "गोधडीच्या वाटचा आहे."

रडत रडतच उषाबाईनं घास खाल्ला आणि कोपरा शिवून टाकला.