छकुलीचे इंग्रजी मेसेज

माझी बायको जयमाला चिखलीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. वाक्यात स्वल्पविराम चुकलेला दिसला की तिच्या घशाखाली घास उतरत नाही. लेक छकुली नोकरीसाठी पुण्याला गेली, तेव्हा या बाईनं फर्मान काढलं, की घरी मेसेज इंग्रजीतच करायचा. छकुली लिहायची, अन् ही लाल खुणा करून तोच मेसेज परत पाठवायची.

"अवं, पोरगी बोलून राह्यली, पेपर नाही देऊन राह्यली!" मी कितीदा ओरडलो. ऐकेल तर शपथ.

दिवाळीआधी छकुलीचा लांबलचक मेसेज आला. नोकरी गेली होती, खोलीवर एकटी रडत होती, घरी येऊ का विचारत होती. जयमाला शाळेत निघाली होती. सवयीनं तिनं आधी स्वल्पविराम दुरुस्त करून मेसेज परत पाठवला. बाकीचं संध्याकाळी निवांत बोलू, म्हणाली.

संध्याकाळी छकुलीनं फोन उचललाच नाही.

आता रोज सकाळी तिचा एका शब्दाचा मेसेज येतो, 'ओके'. जयमाला चष्मा लावून तोच वाचत बसते.

"तुमी तरी लिहा ना तिले," काल ती मला म्हणाली, "म्हणा, चुकलं तरी चालते."