शांत पेशंट

रिकाम्या झालेल्या पलंगाखाली एक जोडी चपला. त्यांचं काय करायचं, हे वॉर्डात कुणालाच ठाऊक नाही.

"दुखतंय का?"
"नाही हो, तिला काही नाही. गॅस झालाय," उशाशी बसलेल्या सासूबाई म्हणायच्या.

अपेंडिक्स फुटलं की कधीकधी थोडा वेळ दुखणं थांबल्यासारखं वाटतं. तेवढ्यात विष सगळ्या पोटात पसरतं.

तळमजल्यावरच्या एका खोलीत दोन कुंड्या आहेत, दोन्हींत प्लास्टिकची झाडं. खरी झाडं इथं जगत नाहीत म्हणतात. पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, हे म्हणत नाहीत.

त्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळं हॉस्पिटल 'शेवटच्या ताई' म्हणतं. इथं कुणीही गेलं, की ते का गेलं हे तपासायचं आणि मग घरच्यांना समोर बसवून सांगायचं, ही त्यांची नोकरी. सांगून झालं की एक वाक्य म्हणायचं असतं : तुमच्याकडून होण्यासारखं सगळं तुम्ही केलंत. माणसं त्या वाक्यासाठीच थांबलेली असतात. ते ऐकतात, डोळे पुसतात, उठतात.

आज मंगळवार. पहाटे एका घरची थोरली सून गेली.

ताईंनी आधी वॉर्डातल्या नर्सला गाठलं.

"पेशंटशी बोलायचात?"

"रोज, ताई."

"काय म्हणायची?"

"सासूबाई सांगायच्या की सगळं! काय प्रेमळ घर हो. क्षणभर हलल्या नाहीत तिच्या उशापासून."

"मी पेशंटचं विचारतेय."

नर्स आठवत राहिली. आवाज काही आठवेना.

डॉक्टरही तेच म्हणाले. "शांत पेशंट होती. तक्रार नाही, आरडाओरडा नाही." मग हळूच, "ताई, घरचे आपल्यावर खूश आहेत. उगाच खाजवून खरूज काढू नका. समजूत घाला आणि मोकळ्या व्हा."

घरचे तिघं आले. सासूबाई, थोरला मुलगा आणि पोटुशी धाकटी सून. सासूबाई मधल्या खुर्चीत बसल्या.

"वेगळी खोली घेतली, फळं आणली, मी स्वतः उशाशी बसले," त्या म्हणाल्या. "आम्ही कुठं कमी पडलो का? सांगा तुम्हीच."

हे त्या वाक्याचं आमंत्रण होतं. ताईंनी ते घेतलं नाही.

"तिचं अपेंडिक्स फुटलं होतं. भयंकर दुखलं असणार. ती काहीच बोलली नाही?"

"परक्यांपुढे आमच्या सुना तोंड उघडत नाहीत. वळण आहे ते घरचं." सासूबाईंचा आवाज अभिमानाने भरून आला. "माझ्या बाळंतपणात माझी सासूच बोलायची डॉक्टरांशी. कळ आली की मी तिचं बोट दाबायचे."

"मग त्या सांगायच्या?"

"तिला वाटलं तर."

"आणि थोरलीने तुमचं बोट दाबलं?"

सासूबाईंनी उजवा हात डाव्या हाताखाली घेतला. "पोरी नाटकं करतात हो. दर वेळी काय हाका मारायच्या?"

मुलगा खिडकीबाहेर बघत होता. "आईला त्रास देऊ नका," तो म्हणाला. त्या दिवसभरात तो इतकंच बोलला.

ताईंचं लक्ष धाकटीकडे गेलं. चेहरा सुजलेला, बोटं फुगलेली, अंगठी मांसात रुतलेली. पुन्हा पुन्हा ती डोळे चोळत होती.

"तुमचं डोकं दुखतं?"

"नाही दुखत तिचं," सासूबाई म्हणाल्या.

"डोळ्यांपुढे अंधारी येते?"

"जागरण झालंय तिला."

"मी त्यांना विचारलं."

धाकटीने सासूच्या हाताकडे पाहिलं, मग प्लास्टिकच्या झाडाकडे. ताई थांबल्या. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचं चाक करकरत लांब गेलं. तरी ताई थांबल्या.

"दुखतं," धाकटी म्हणाली.

"अगं बाई! हिलाही वाचा फुटली. एक अजून थंडसुद्धा झाली नाही, तोवर हिचं सुरू." सासूबाई हसल्या. खरंच हसल्या. "चल घरी. ऊठ."

मुलगा उठला.

ताईंनी फोन उचलून प्रसूतीच्या डॉक्टरांना खाली बोलावलं. मग म्हणाल्या, "थोरलीचं शवविच्छेदन होईल. चौकशीसाठी आजच कळवतेय. तुमची होईल, आमच्या वॉर्डाचीही होईल. तुमच्याकडून होण्यासारखं सगळं तुम्ही केलंत, हे वाक्य मी म्हणणार नाही."

"मेलेल्या पोरीची चिरफाड करणार? आमची अब्रू चव्हाट्यावर आणणार?" सासूबाई दारात पोहोचल्या. "ऊठ म्हणते ना!"

धाकटी खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. अंगठीभोवतीचं बोट पांढरं पडलं. ती उठली नाही.

"मग राहा इथंच. न्यायला कुणी येणार नाही."

दार आपटलं. डॉक्टर आल्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि स्ट्रेचर मागवलं. धाकटीने ताईंना विचारलं, "जाऊबाईंना असं कुणी विचारलं होतं का?"

ताईंना माहीत होतं. सकाळी निघता निघता नर्सनेच सांगितलं होतं, सहज, काही विशेष नाही अशा आवाजात.

सोमवारी दुपारी सासूबाई जेवायला खाली गेल्या होत्या, तेव्हा नर्स त्या खोलीत आली होती. पेशंट जागी होती. नातेवाईक कुणी नाहीत असं पाहून नर्स परत गेली.