हिरव्या चौकोनापाशी थांबलेली बोटं

मित्रांनो, मी एक जुना, काळा कीबोर्ड आहे. माझ्या कळांवरची अक्षरं पार पुसून गेली आहेत. पण ज्यांच्या बोटांनी ती पुसली, त्यांना ती कधी दिसतच नव्हती. त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती पुण्यापासून दूर, आमच्या शहरातल्या नव्या पेठेतल्या दुकानाची काच आणि तिथून मला घेऊन जाणारे शिवानंद सर. सर जन्मापासून अंध होते. भवानी पेठेत दोन खोल्यांत ते अंध मुलामुलींना संगणक शिकवत. दुकानात त्यांनी माझ्या 'एफ' आणि 'जे' या कळांवरचे बारीक उंचवटे चाचपले आणि म्हणाले, "हाच द्या. ह्याच्या खुणा चांगल्या लागतात."

पहिली दोन-तीन वर्षं माझ्यावर अनेक हात फिरले. त्यांतले शाइस्ताचे हात मी विसरू शकत नाही.

शाइस्ता बावीस वर्षांची होती. कॉलेजात असताना आजारपणात तिची दृष्टी गेली होती. तिची आई सुगराबी तिला रिक्षाने घेऊन यायची आणि दाराशी स्टुलावर बसून राहायची. शाइस्ता पहिले काही दिवस फार चिडलेली असायची. संगणकातला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा तो आवाज, पान वरपासून वाचायला लागायचा. लिंक, लिंक, लिंक. बातमी यायच्या आधीच तिचा धीर सुटायचा.

"सर, हे संपणार कधी? माझ्याच्यानं नाही होणार."

"सगळं ऐकत बसतेस कशाला? डोळस माणूस तरी सगळं पान वाचतो का? उडी मार. एच दाब."

तिने एच दाबला. काहीच झालं नाही. सरांनी हात पुढे करून सेटिंग बघितलं. एका अक्षराने उडी मारण्याची सोय बंद राहिली होती. ती चालू केली, आवाजाचा वेग थोडा कमी केला आणि म्हणाले, "आता दाब."

आवाज थेट बातमीच्या मथळ्यावर जाऊन थांबला. शाइस्ताने पुन्हा दाबला. पुढचा मथळा. मग ती हसली. सरांनी तिला शिकवलं की 'ई' दाबलं की लिहायची चौकट सापडते, 'बी' दाबलं की बटण, आणि टॅबने एकेक पायरी पुढे जाता येतं. चौकटीत लिहायचं आणि पानावर हिंडायचं, या दोन्ही गोष्टी वेगळ्या, हेही तिच्या अंगवळणी पडलं. एकदा तिने आपला बी.ए.चा निकाल स्वतः शोधून ऐकला. सुगराबी स्टुलावरून उठली आणि मुलीचे हात आपल्या डोळ्यांना लावून रडली.

मग पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात आली. उर्दू आणि मराठीत अनुवाद शिकवणारा वर्षभराचा अभ्यासक्रम होता. तिथेच राहायचं, पुढे काम मिळण्याची वाट. शाइस्ताच्या घरात दोन्ही भाषा बोलल्या जायच्या. तिने ठरवलं, अर्ज आपला आपणच भरायचा.

शेवटच्या दिवशी दुपारी ती बसली. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती. नाव, पत्ता, गुण, 'मला अनुवादक का व्हायचं आहे' यावर दोन परिच्छेद. सगळं तिने माझ्यावर लिहिलं. एकही चूक नव्हती. आता फक्त अर्ज पाठवायचा होता. तिने बी दाबला.

"पुढे बटण नाही," आवाज म्हणाला.

तिने टॅब दाबला. पानाचा तळ आला. पुन्हा वरून सुरुवात केली. पुन्हा तळ. सुगराबीने पडद्याकडे वाकून बघितलं. तिला वाचता येत नव्हतं.

"अगं, हितं हिरवा चौकोन हाय की! मला दिसतोय!"

"तुला दिसतोय अम्मी, पण मला सापडत नाही."

तो चौकोन नुसतं चित्र होता. माउसने टिचकी मारली तरच चालणारा. आमच्याकडे माउस नव्हता. तिथे तो कुणाला लागतच नसे. सरांनी आपल्या सगळ्या युक्त्या करून बघितल्या. मग संस्थेला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, जवळ कुणी डोळस माणूस असेल तर त्याला क्लिक करायला सांगा ना."

सुगराबी खाली धावली. तळमजल्यावर शिंपीकाम करणारे अतीकभाई कुणाकडून तरी माउस मागून घेऊन आले, तोवर पाच वाजून गेले होते. हिरव्या चौकोनाच्या जागी एक ओळ आली होती. ती शाइस्ताला ऐकू आली: "मुदत संपली आहे."

"सर, माझं काय चुकलं?" तिने विचारलं.

"तुझं काही चुकलं नाही, पोरी," सर म्हणाले. त्यांचा हात माझ्यावर होता.

शाइस्ता यायची थांबली. सर मात्र दर सोमवारी माझ्यावर त्या संस्थेला पत्र लिहायचे. 'आपल्या पानावरचे बटण कीबोर्डने सापडत नाही. कृपया एकदा माउस बाजूला ठेवून अर्ज भरून पाहावा.' अशी एकतीस पत्रं त्यांनी लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. हिवाळ्यात त्यांना छातीचा आजार झाला, आणि एक सोमवार असा आला की पत्र लिहायला कुणी नव्हतं.

खोल्या रिकाम्या करताना सरांच्या पत्नी काशम्मा यांनी शाइस्ताला बोलावलं. "तुला काय हवं ते घेऊन जा की गं," त्या म्हणाल्या. तिने मला उचललं.

पुढच्या वर्षीची जाहिरात आली. शाइस्ताने मला घरच्या लॅपटॉपला जोडलं आणि अर्ज भरला. शेवटी तिचं बोट बी वर आलं आणि तिथेच थांबलं. मग तिने दाबलं.

"अर्ज पाठवा. बटण."

ते सरांच्या पत्रांमुळे झालं की आपसूक, मला ठाऊक नाही. शाइस्ताने एंटर दाबलं नाही. तिने डोकं माझ्यावर टेकवलं. माझ्या कळांमध्ये पाणी उतरलं.

"अम्मी, आज सर पाहिजे होते गं."

"पाठव बेटा," सुगराबी म्हणाली. "आधी पाठव."

शाइस्ता आता पुण्यात आहे. लॅपटॉप बरोबर नेला, मी इथेच राहिलो. खारट पाण्याने माझ्या चार कळा निकामी झाल्या आहेत. सुगराबीने मला ओढणीत गुंडाळून कपाटावर ठेवलं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या अशी पानं बनवेल. तेव्हा माउस बाजूला ठेवा, डोळे मिटा आणि आपल्याच पानाच्या शेवटापर्यंत जाऊन बघा. वाट बंद असेल तर ती लगेच मोकळी करा. एकतिसाव्या पत्राची वाट बघू नका. पत्र लिहिणारा तोवर असेलच असं नाही.